बूट न होणारी व्हर्च्युअल मशीन पुन्हा उभी कशी करावी

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, बूट होत नाही, ही तक्रार ऐकायला एकच असली तरी तिच्यामागे एकमेकांशी काहीही संबंध नसलेले बिघाड असू शकतात. होस्टवरची, म्हणजे मशीन ज्या खऱ्या संगणकावर चालते त्यावरची, जागा संपलेली असते, स्नॅपशॉटच्या (मशीनची एखाद्या क्षणीची अवस्था जपणाऱ्या नोंदीच्या) साखळीतली एखादी फाइल हललेली असते, अपडेट अर्धवट झालेले असते, नाहीतर कुणीतरी काढून टाकलेल्या डिस्कची नोंद आत तशीच राहून गेलेली असते. पडद्यावर मात्र यांतल्या कित्येक बिघाडांचे दर्शन सारखेच घडते: काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. अशा वेळी नवख्या माणसाचा कल हाताला लागेल ती दुरुस्तीची कमांड चालवून पाहण्याकडे असतो, आणि मूळ बिघाडापेक्षा त्या कमांडांनी केलेली मोडतोडच पुष्कळदा निस्तरायला जड जाते. म्हणून इथे क्रमाला महत्त्व दिले आहे. आधी प्रत, मग निदान आणि त्यानंतरच दुरुस्ती.

व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत एक मोठी सोय आपल्या बाजूने असते. तिचा प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क कार्ड हे सारे म्हणजे एका छोट्या कॉन्फिगरेशन फाइलमधले वर्णन. व्हीएमवेअरमध्ये ती व्हीएमएक्स फाइल असते, व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीबॉक्स, आणि लिनक्सच्या केव्हीएमवर, मशीनची व्यवस्था पाहणारे लिबव्हर्ट असेल तर, एक्सएमएल. हे वर्णन हरवले तरी नवे लिहिता येते. खरा ऐवज डिस्कच्या फाइलमध्ये असतो, मग ती व्हीएमडीके असो, व्हीडीआय असो, व्हीएचडीएक्स असो की क्यूकाऊ२. ती डिस्क एका मशीनमधून काढून दुसरीला जोडता येते, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक दुरुस्त्या याच सोयीवर उभ्या आहेत.

हात लावण्यापूर्वी

मशीन पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. प्रत्येक प्रयत्नात आतली यंत्रणा डिस्कवर काही ना काही लिहीत असते. लिनक्स जर्नल, म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या लिखाणाची नोंदवही, पुन्हा चालवते, विंडोज लागोपाठ दोन अपयशांनंतर स्वतःहून दुरुस्तीच्या मागे लागते, आणि डिस्क आधीच दुखावलेली असेल तर हे लिखाण तिला आणखी दुखावते. मशीन पूर्ण बंद करा. पॉज किंवा सस्पेंड केलेली मशीन बंद झाली असे धरून चालू नये.

त्यानंतर होस्टवर किती जागा मोकळी आहे ते पाहा. हे प्रत घेण्याच्या आधीच पाहायचे असते, कारण काठोकाठ भरलेल्या डेटास्टोअरवर, म्हणजे मशीनच्या फाइली ठेवण्याच्या जागेवर, स्नॅपशॉट घेतला तर त्याच जागेवरच्या इतर मशीनही अडकून पडतात. जागा पुरेशी असेल तर मशीनचे संपूर्ण फोल्डर, म्हणजे कॉन्फिगरेशन, डिस्क, स्नॅपशॉटच्या फाइली आणि यूईएफआय या फर्मवेअरच्या (मशीन सुरू होताच सर्वप्रथम चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नोंदी ठेवणारी एनव्हीरॅम फाइल, दुसरीकडे उतरवून घ्या. क्लाउडवर असाल तर डिस्कचा स्नॅपशॉट घ्या. एवढी जागा नसेल आणि डिस्क क्यूकाऊ२ प्रकारची असेल, तर मूळ फाइलला पाया धरून तिच्यावर एक रिकामा ओव्हरले तयार करता येतो. मग दुरुस्तीचे सगळे लिखाण ओव्हरलेमध्ये जाते, आणि बेत फसला तर तो टाकून दिला की मूळ डिस्क होती तशीच राहते.

आणखी दोन गोष्टी याच वेळी कागदावर उतरवून ठेवाव्यात. एक म्हणजे सध्याची रचना: फर्मवेअर जुन्या पद्धतीचे बायोस आहे की यूईएफआय, डिस्क कोणत्या कंट्रोलरवर आहे, डिस्कांचा क्रम काय आहे, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता काय आहे. दुसरी म्हणजे एन्क्रिप्शन. आत विंडोजचे बिटलॉकर किंवा लिनक्सचे लक्स असेल तर रिकव्हरी की अथवा सांकेतिक वाक्य हाताशी आहे याची खात्री आधी करा. मशीनचा व्हर्च्युअल टीपीएम, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप, बदलला किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली, की बिटलॉकर ती की मागणारच. आणि ती नसेल तर पुढची कोणतीही युक्ती कामाची नाही.

मशीन कुठवर पोहोचते

पॉवरचे बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंतच्या वाटेत पाच टप्पे असतात: होस्टने मशीन उचलणे, फर्मवेअर, कर्नल शोधून भरणारा बूटलोडर, कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि शेवटी सेवा सुरू होणे. कन्सोल, म्हणजे मशीनचा पडदा, उघडा आणि शेवटची ओळ जशीच्या तशी टिपून घ्या. होस्टच चूक दाखवत असेल आणि कन्सोल उघडतच नसेल, तर आत डोकावण्याचे काही कारण नाही. बूट करण्याजोगे उपकरण सापडले नाही असे दिसले, किंवा यूईएफआयचे शेल उघडले, तर अडचण फर्मवेअरपाशी आहे. ग्रब रेस्क्यू असे दिसले तर बूटलोडर (लिनक्सवर सहसा ग्रब), कर्नल पॅनिक दिसले तर कर्नल किंवा त्याची इनिट्रॅमएफएस (डिस्क सापडण्यासाठी लागणारे ड्रायव्हर ठेवणारी छोटी फाइल), आणि इमर्जन्सी मोड दिसला तर कर्नल सुखरूप आहे, गोंधळ त्याच्या पुढचा आहे. लॉगिनची पाटी आली असेल तर मशीन बूट झालेलीच आहे. तुम्हाला सतावतोय तो नेटवर्कचा प्रश्न, आणि रिमोट जोडणीवरूनच अंदाज बांधणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

क्लाउडवर पडदा समोर नसला तरी पर्याय असतात. अॅझ्युरवर बूट डायग्नॉस्टिक्समध्ये पडद्याचे चित्र मिळते, गूगल क्लाउडवर सीरियल पोर्टचा मजकूर वाचता येतो, आणि अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर इन्स्टन्सचा, म्हणजे तिथल्या मशीनचा, कन्सोल मजकूर मागवता येतो. एडब्ल्यूएसवर स्टेटस चेकही पाहावेत. सिस्टिम चेक नापास असेल तर दोष खालच्या होस्टचा असतो, आणि मशीन पूर्ण थांबवून पुन्हा सुरू केल्यास ती सहसा दुसऱ्या होस्टवर जाते. मात्र इन्स्टन्स स्टोअर प्रकारच्या, म्हणजे होस्टलाच जोडलेल्या तात्पुरत्या, डिस्कवरचा डेटा मशीन थांबवताच जातो, तेव्हा थांबवण्याआधी तशी डिस्क नाही ना हे तपासा.

होस्ट मशीन उचलतच नसेल तर

इथे लॉग वाचण्याला पर्याय नाही. व्हीएमवेअर आणि व्हर्च्युअलबॉक्स आपापले लॉग मशीनच्या फोल्डरमध्येच ठेवतात, तर लिबव्हर्टचे लॉग व्हार फोल्डरातल्या लॉग विभागात लिबव्हर्ट आणि त्याखाली क्यूईएमयू (केव्हीएमसोबत मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) या नावाने सापडतात. सर्वांत साधे कारण म्हणजे संपलेली जागा. त्याखालोखाल होस्टवर मेमरी न उरणे, जोडलेली आयएसओ फाइल, म्हणजे सीडीची फाइलरूपातली प्रत, कुणीतरी हलवणे, आणि होस्ट अचानक बंद पडल्याने मागे राहिलेली लॉक फाइल. लॉक फाइल काढण्यापूर्वी ती मशीन दुसऱ्या होस्टवर खरोखर चालू नाही ना, हे पाहणे सक्तीचे समजा. एकच डिस्क दोन मशीनांनी एकाच वेळी लिहिली, तर त्यावरची फाइलसिस्टिम काही मिनिटांत मातीमोल होते.

सेव्ह केलेली अवस्था परत उघडत नसेल, आणि होस्टचे सॉफ्टवेअर किंवा प्रोसेसर बदलल्यावर असे होते, तर ती अवस्था टाकून देऊन मशीन नव्याने सुरू करावी. चालू संगणकाची वीज गेल्यावर होते तेवढेच नुकसान यात होते.

स्नॅपशॉटच्या साखळीचा बिघाड अधिक नाजूक असतो. स्नॅपशॉट घेतल्यानंतरचे सगळे बदल वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि ती फाइल आपल्या पालक फाइलवर विसंबून असते. पालक फाइल थेट चालू केली, तिचा आकार वाढवला किंवा ती दुसरीकडे हलवली, की साखळी तुटते. व्हीएमवेअर अशा वेळी पालक डिस्क बदलली असल्याची तक्रार करते, कारण प्रत्येक दुव्यात नोंदवलेला सीआयडी हा क्रमांक पालकाच्या क्रमांकाशी जुळत नाही. क्यूईएमयूच्या इमेज साधनाने संपूर्ण साखळी छापून पाहता येते आणि कोणता दुवा हरवला आहे ते लगेच कळते. क्रमांक हाताने जुळवता येतात, पण तो उद्योग प्रतीवरच करावा. पालक फाइलमध्ये खरोखर लिखाण झाले असेल तर क्रमांक जुळूनही आतला मजकूर विसंगतच राहतो.

फर्मवेअर आणि बूटलोडर

जुन्या डिस्कभोवती नवी मशीन तयार केल्यावर ती बूट झाली नाही, तर सर्वप्रथम फर्मवेअरचा प्रकार पाहा. यूईएफआयवर बसवलेली यंत्रणा बायोस मशीनमध्ये बूट होत नाही आणि उलटही तेच. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये हीच गोष्ट जनरेशन १ आणि जनरेशन २ या नावांनी समोर येते, आणि मशीन तयार झाल्यावर जनरेशन बदलता येत नसल्याने नवी मशीनच तयार करून तिला जुनी डिस्क जोडावी लागते. त्यासोबत बूटचा क्रमही पाहावा. पुष्कळदा अडचण एवढीच असते की, नवी डेटा डिस्क जोडताना ती पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलेली असते.

ग्रब रेस्क्यू दिसत असेल तर ग्रबला स्वतःचे उरलेले भाग सापडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तिथे एलएस या कमांडने विभाजने (डिस्कचे पाडलेले भाग) पाहायची, ग्रबचे फोल्डर असलेले विभाजन शोधायचे, प्रीफिक्स, म्हणजे ग्रबच्या फाइलींचा पत्ता, त्या फोल्डरवर बसवायचा, नॉर्मल हे मॉड्यूल भरायचे आणि नॉर्मल ही कमांड द्यायची, मेन्यू उघडतो. मशीन वर आली की ग्रब नव्याने बसवायला विसरू नका, नाहीतर पुढच्या बूटला पुन्हा तेच दृश्य दिसेल.

कर्नल पॅनिक आणि न सापडणारी डिस्क

रूट फाइलसिस्टिम, म्हणजे लिनक्सची मुख्य फाइलरचना, माउंट करता (जोडून वापरात आणता) येत नाही असे सांगून कर्नल थांबला, तर दोन शक्यता आधी तपासाव्यात. पहिली, बूट विभाजन भरल्यामुळे कर्नलच्या अपडेटनंतरची इनिट्रॅमएफएस अर्धवट लिहिली गेली असेल. ग्रबच्या मेन्यूत, जो बायोसवर शिफ्ट आणि यूईएफआयवर एस्केप दाबून उघडतो, मागचा कर्नल निवडा. तो चालला तर जुने कर्नल काढून जागा करा आणि इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवा.

दुसरी शक्यता मशीन एका हायपरव्हायझरवरून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, दुसऱ्यावर नेल्यावर समोर येते. रेड हॅट कुळातल्या वितरणांत ड्रॅकट हे साधन इनिट्रॅमएफएस बनवताना त्या क्षणी दिसणाऱ्या हार्डवेअरपुरतेच ड्रायव्हर भरते. त्यामुळे व्हीएमवेअरवर बनलेल्या इनिट्रॅमएफएसमध्ये व्हर्टआयओचा, म्हणजे केव्हीएमच्या व्हर्च्युअल डिस्कसाठी लागणारा, ड्रायव्हर नसतो, आणि केव्हीएमवर आल्यावर तिला डिस्कच दिसत नाही. मेन्यूतल्या रेस्क्यू नावाच्या नोंदीत बहुतेक सगळे ड्रायव्हर असतात. तिथून बूट करून इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवली की काम झाले. विंडोजमध्ये याच दुखण्याला ०एक्स७बी हा स्टॉप कोड दिसतो. त्यावर उपाय असा: मुख्य डिस्क तात्पुरती आयडीई किंवा साटा कंट्रोलरवर ठेवा, एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, विंडोज सुरू करून आयएसओमधून व्हर्टआयओचे ड्रायव्हर बसवा, मशीन बंद करा आणि मग मुख्य डिस्कही व्हर्टआयओवर न्या.

एफएसटॅबमधली एक ओळ

लिनक्स मशीन इमर्जन्सी मोडमध्ये थांबण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे एफएसटॅब या, बूटच्या वेळी कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या, फाइलमधली चुकीची ओळ. समजा, मशीनला एक डेटा डिस्क जोडली होती आणि एफएसटॅबमध्ये तिची नोंद यूयूआयडी या कायमच्या ओळख-क्रमांकाऐवजी एसडीबी१ या नावाने केली होती. पुढे कुणीतरी ती डिस्क काढली. मशीन चालू होती तोवर कुणाला काही जाणवले नाही. महिन्यांनंतर पॅच बसवण्यासाठी ती रीस्टार्ट केली, तेव्हा पडद्यावर एसडीबी१ची वाट पाहत असल्याची ओळ आली, सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीने ठरलेली ९० सेकंद वाट पाहिली आणि मग हात टेकून इमर्जन्सी मोड उघडला. दोष साहजिकच त्या दिवशीच्या पॅचवर जातो, आणि पॅच मागे घेण्यात सगळी संध्याकाळ खर्ची पडते.

इथे रूटचा पासवर्ड देऊन आत जा. रूट फाइलसिस्टिम केवळ वाचनासाठी माउंट झालेली असू शकते, म्हणून ती आधी लिहिण्यायोग्य करून पुन्हा माउंट करा. नंतर बीएलकेआयडीने प्रत्यक्ष हजर असलेल्या डिस्कांचे यूयूआयडी पाहून एफएसटॅबशी ताडून घ्या. जी डिस्क नाहीच तिची ओळ सुरुवातीला # लावून निष्क्रिय करा, पुसू नका. जी डिस्क नसली तरी मशीन चालू व्हायला हवी, तिच्या ओळीत नोफेल हा पर्याय घाला. फाइल जतन केल्यावर फाइंडमाउंटच्या व्हेरिफाय पर्यायाने ती तपासता येते आणि रीस्टार्टआधीच चूक कळते. क्लाउडवरच्या पुष्कळ इमेजमध्ये, म्हणजे मशीन बनवण्याच्या तयार साच्यांमध्ये, रूट खाते कुलूपबंद असते, त्यामुळे इमर्जन्सी मोड आत घेतच नाही. तिथे रेस्क्यू मशीन लागते.

रेस्क्यू मशीन

बिघडलेल्या मशीनची डिस्क काढून ती चालू असलेल्या दुसऱ्या मशीनला जादा डिस्क म्हणून जोडणे, ही मला सर्वांत भरवशाची पद्धत वाटते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. त्या वेळी क्लाउडवरच्या असंख्य मशीन याच मार्गाने वाचवण्यात आल्या: डिस्क सोडवली, दुसऱ्या मशीनला जोडली, ड्रायव्हर फोल्डरमधली २९१ क्रमांकाची चॅनल फाइल काढली आणि डिस्क परत जागेवर बसवली. जिथे बिटलॉकर होते आणि की सापडत नव्हती, तिथे खोळंबा झाला.

केव्हीएमवर लिबगेस्टएफएस या संचातली व्हर्ट-रेस्क्यू आणि गेस्टमाउंट ही साधने वेगळी मशीन न उभारता हेच काम करतात. चालू मशीनच्या डिस्कवर ती लिहिण्याच्या पद्धतीने कधीही उघडू नयेत; पहिल्यांदा तर केवळ वाचनासाठीच उघडावीत.

रेस्क्यू मशीन निवडताना एक सापळा असतो. ती बिघडलेल्या मशीनच्याच इमेजवरून बनवलेली असेल, तर दोन्ही डिस्कांचे यूयूआयडी सारखे असतात, आणि रेस्क्यू मशीन पुढच्या रीस्टार्टला चुकून बिघडलेल्याच डिस्कवरून बूट होऊ शकते. म्हणून शक्यतो वेगळ्या वितरणाची किंवा आवृत्तीची मशीन घ्या आणि ती चालू झाल्यावरच डिस्क जोडा. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम सारख्याच यूयूआयडीची दुसरी फाइलसिस्टिम माउंट करायला नकार देते. तिथे नोयूयूआयडी हा पर्याय द्यावा लागतो. एडब्ल्यूएसवर दोन्ही मशीन एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, म्हणजे डेटासेंटरच्या एकाच गटात, असाव्या लागतात.

डिस्क जोडल्यावर केवळ एखादी फाइल सुधारायची असेल तर माउंट करून ती सुधारा आणि अनमाउंट करा. ग्रब किंवा इनिट्रॅमएफएस नव्याने बनवायची असेल तर जोडलेल्या यंत्रणेच्या आत शिरावे लागते. तिचे रूट विभाजन एका फोल्डरवर माउंट करा. बूट आणि यूईएफआयचे विभाजन वेगळे असेल तर तेही त्याखाली आपापल्या जागी माउंट करा. मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही फोल्डरे बाइंड पद्धतीने आत जोडा आणि सीएचरूट करा, म्हणजे तेच फोल्डर रूट मानून आत शिरा. आता चालवलेली प्रत्येक कमांड बिघडलेल्या यंत्रणेवर काम करते. ड्रॅकट वापरत असाल तर होस्टपुरते ड्रायव्हर भरण्याची सवय बंद करणारा पर्याय द्या, नाहीतर रेस्क्यू मशीनला लागणारेच ड्रायव्हर भरले जातील. एसईलिनक्स हे फाइलींना सुरक्षेची लेबले लावणारे संरक्षण चालू असलेल्या यंत्रणेत बाहेरून फाइली बदलल्या असतील, तर रूटवर ऑटोरीलेबल नावाची, टिंबाने सुरू होणारी रिकामी फाइल ठेवावी. पहिले बूट त्यामुळे रेंगाळते. ते मध्येच तोडू नका.

फाइलसिस्टिमची दुरुस्ती

माउंट झालेल्या फाइलसिस्टिमवर एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड, कधीही चालवू नये. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर आधी काहीही न लिहिता केवळ तपासणी करणाऱ्या पर्यायाने चालवा आणि निघालेल्या तक्रारी वाचा. मुख्य सुपरब्लॉकच, म्हणजे फाइलसिस्टिमची मूळ माहिती ठेवणारा भागच, गेला असेल, तर ४ केबीच्या ब्लॉकवर पहिली राखीव प्रत ३२७६८ या ब्लॉकवर असते आणि ई२एफएससीकेला तो क्रमांक देता येतो. एक्सएफएसमध्ये लॉग शिल्लक असेल तर दुरुस्तीचे साधन काम नाकारते. आधी एकदा माउंट करून अनमाउंट करा म्हणजे लॉग लागू होतो. लॉग पुसून टाकणारा कॅपिटल एल हा पर्याय माउंटही होत नसेल तरच, आणि प्रत हाताशी असेल तरच वापरावा.

विंडोजसाठी

इन्स्टॉलेशनच्या आयएसओवरून बूट करून रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टवर जा. तिथे ड्राइव्हची अक्षरे नेहमीसारखी नसतात. विंडोजचे फोल्डर कोणत्या अक्षरावर आहे ते आधी डिस्कपार्टने पाहा. बूटच्या नोंदी बिघडल्या असतील तर यूईएफआय मशीनवर ईएफआय विभाजनाला एक अक्षर देऊन बीसीडीबूटने त्या पुन्हा लिहाव्यात. हे बूटरेकच्या तीन-चार कमांडांपेक्षा सरळ पडते. अपडेट अर्धवट अडकले असेल तर डीआयएसएम या साधनात त्या विंडोजवरच्या प्रलंबित क्रिया मागे घेण्याचा पर्याय आहे.

परत जागेवर

दुरुस्तीनंतर डिस्क मूळ मशीनला पूर्वीच्याच कंट्रोलरवर, पूर्वीच्याच क्रमांकावर जोडा. एडब्ल्यूएसवर रूट डिस्कला मूळचेच उपकरणाचे नाव द्यावे लागते, नाहीतर इन्स्टन्स सुरूच होत नाही. पहिले बूट शक्य असल्यास नेटवर्क तोडून करा, कारण मशीन मध्यंतरी दुसरीकडे उभी केली असेल तर एकाच पत्त्याच्या दोन मशीन जाळ्यावर येतील. नव्या मशीनमध्ये मॅक पत्ता बदललेला असल्यास तो जुनाच द्या, म्हणजे आयपीचे आरक्षण आणि आतली नेटवर्कची नोंद जुळते.

एवढे करूनही यंत्रणा उभी राहत नसेल आणि डिस्क मात्र वाचता येत असेल, तर नवी यंत्रणा बसवून त्यात डेटा उतरवून घेणे जास्त शहाणपणाचे. डेटाबेस असेल तर त्याच्या फाइली त्याच आवृत्तीच्या सर्व्हरवर उघडा. मशीन वर आल्यावर एकदा मुद्दाम रीस्टार्ट करून ती कुणाच्या मदतीवाचून बूट होते का ते पाहा, सेवा आणि बॅकअप चालू झाले आहेत का ते तपासा, आणि मगच दुरुस्तीसाठी घेतलेला स्नॅपशॉट काढा. तो तसाच राहिला तर फुगत जाऊन डेटास्टोअर भरून टाकेल.